हडसनखालचा बोगदा: वाढीव खर्चाचा धनी कोण?

पार्श्वभूमी

न्यू जर्सीहून मॅनहॅटनच्या पेन स्टेशनात शिरणारी प्रत्येक गाडी, मग ती न्यू जर्सी ट्रान्झिटची लोकल असो की वॉशिंग्टनहून निघालेली अ‍ॅमट्रॅक (केंद्राच्या मालकीची लांब पल्ल्याची रेल्वे कंपनी) असो, हडसन नदीखालच्या दोन नळ्यांतूनच येते. एका नळीत एकच रूळमार्ग. पेनसिल्व्हेनिया रेलरोड या खासगी कंपनीने त्या बांधल्या आणि 1910 मध्ये गाड्या सुरू केल्या. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांत पेन स्टेशनसाठी नदीखालून तिसरी नळी झालेली नाही.

कोविडपूर्वी कामाच्या दिवशी या नळ्यांतून सुमारे 450 गाड्या आणि दोन लाखांच्या आसपास प्रवासी जात. गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला 24 गाड्या ही कमाल मर्यादा, आणि ती केव्हाच गाठली गेली आहे. एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन ही स्टेशने अमेरिकेत नातेवाईक असलेल्या बहुतेक मराठी घरांना ऐकून माहीत असतात. तिथल्या प्रवाशाची गाडी वेळेवर पोहोचणार की नाही, हे शेवटी या दोन नळ्यांवर ठरते.

नवा बोगदा हवा, यावर गेल्या पंधरा वर्षांत फारसे कुणाचे दुमत नव्हते. घोडे प्रत्येक वेळी अडले ते पैशांवर. त्यातही एकूण किती पैसे, यापेक्षा कुणी कशावर सही केली आणि खर्च वाढला तर तो कुणाच्या पदरी पडणार, या प्रश्नावर. हे प्रकरण मी त्याच बाजूने मांडतो आहे.

2010: हाताशी आलेला बोगदा

पहिला प्रयत्न ‘एआरसी’ या संक्षिप्त नावाने ओळखला गेला. जून 2009 मध्ये, जॉन कॉर्झाइन गव्हर्नर असताना, न्यू जर्सीत त्याचे भूमिपूजन झाले. अंदाजपत्रक 8.7 अब्ज डॉलरचे. त्यातले 3 अब्ज केंद्र सरकारचे, 3 अब्ज पोर्ट अथॉरिटीचे (बंदरे, विमानतळ आणि पूल सांभाळणारी दोन राज्यांची ही सामाईक संस्था) आणि बाकीचे न्यू जर्सीने उभे करायचे. केंद्राशी अंतिम निधी करार मात्र अजून व्हायचा होता. सुरुवातीच्या कामांपुरता करार झालेला होता आणि त्यावर कामे चालू होती.

जानेवारी 2010 मध्ये ख्रिस ख्रिस्टी गव्हर्नर झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रकल्प रद्द केला. खर्च 11 ते 14 अब्जांवर जाईल आणि 70 टक्के भार न्यू जर्सीवर पडेल, असे कारण त्यांनी दिले. केंद्रीय परिवहन मंत्री रे लाहूड यांनी दोन आठवड्यांची मुदत मागून काही पर्याय पुढे ठेवले. महिनाअखेरीस ख्रिस्टींनी पुन्हा नाहीच म्हटले.

2012 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. त्यानुसार खर्चाच्या अंदाजांची कक्षा आधीच्या दोन वर्षांत बदललेलीच नव्हती, आणि न्यू जर्सीचा वाटा 70 नव्हे तर 14.4 टक्के होता. हा आकडा कुठून आला ते समजायला सोपे आहे. राज्याच्या वाट्यातली बरीच रक्कम केंद्राकडूनच मिळणाऱ्या रस्तेनिधीतून यायची होती. खऱ्या अर्थाने राज्याचे म्हणावेत ते टर्नपाइक या राज्याच्या टोलरस्त्याच्या टोलमधले 1.25 अब्ज डॉलर. त्याला 8.7 ने भागले की 14.4 टक्के येतात.

मग ख्रिस्टींनी असे का केले? त्यांच्या टीकाकारांचे उत्तर ठरलेले आहे. राज्याचा रस्ते-वाहतूक निधी आटला होता, पेट्रोलवरचा कर वाढवायचा नव्हता आणि बोगद्याचे पैसे हाताशी होते. पुढे झालेही तसेच. टर्नपाइकचा पैसा रस्त्यांकडे वळला आणि पोर्ट अथॉरिटीचे 1.8 अब्ज पुलास्की स्कायवे या जुन्या उन्नत मार्गाच्या आणि इतर रस्त्यांच्या दुरुस्तीत गेले. पेट्रोलवरचा कर अखेर 2016 मध्ये गॅलनमागे 23 सेंटने वाढलाच, तोही ख्रिस्टींच्याच सहीने.

तरी त्यांच्या एका मुद्द्याला उडवून लावता येत नाही. अमेरिकेत अशा प्रकल्पांना केंद्र ठरावीक रकमेचे अनुदान देते. त्यावर खर्च गेला की तो सारा ज्याने अनुदान घेतले त्याच्या माथी. एआरसीत तो धनी एकटा न्यू जर्सी होता. बोगद्याचे दुसरे तोंड ज्या राज्यात उघडणार होते त्या न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या तिजोरीतून एक डॉलरही कबूल केलेला नव्हता. भरीला, नवे स्थानक 34व्या रस्त्याखाली खूप खोलवर आणि पेन स्टेशनच्या फलाटांशी न जोडलेले असणार होते, त्यामुळे अ‍ॅमट्रॅकला त्याचा उपयोग शून्य. आकडे फुगवून सांगितले गेले, हे खरे. पण वाढीव खर्चाची जोखीम काल्पनिक नव्हती.

रद्द केल्यावर केंद्राने खर्च झालेले 271 दशलक्ष डॉलर परत मागितले. वकील लागले आणि 2011 मध्ये 95 दशलक्षांवर तडजोड झाली.

नळ्यांत शिरलेले खारे पाणी

29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री सँडी वादळ आले आणि हडसनखालच्या दोन्ही नळ्यांत समुद्राचे पाणी शिरले. पाणी उपसून काही दिवसांत गाड्या पुन्हा धावू लागल्या, म्हणून वरवर पाहणाऱ्याला संकट टळल्यासारखे वाटले.

खरे नुकसान आत मुरले होते. नळीच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे लांबच लांब ओटे आहेत. त्यांच्या पोटातून विजेच्या केबली जातात, त्यांत 12,000 व्होल्टच्याही आहेत. गाडी मध्येच बंद पडली तर प्रवाशांनी बाहेर यायचे तेही याच ओट्यांवरून. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड आणि सल्फेट काँक्रीटमध्ये राहिले आणि ते हळूहळू काँक्रीट आणि लोखंड खात आहेत. ओट्यांचे पोपडे निघतात, भेगा पडतात, केबलीत बिघाड होतो आणि ऐन सकाळी हजारो माणसे फलाटावर ताटकळतात.

दुरुस्ती नीट करायची तर एक नळी दीर्घकाळ बंद ठेवायला हवी. मग दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच रुळावरून सोडाव्या लागतात. आधी एका बाजूच्या चार-सहा गाड्या काढायच्या, शेवटची गाडी पलीकडे पोहोचेपर्यंत थांबायचे, मग उलट दिशेच्या सोडायच्या. त्यामुळे तासाला 24 ऐवजी जेमतेम 6 गाड्या निघतात. एक नळी बंद केली म्हणजे क्षमता निम्मी होत नाही, ती चौथ्या हिश्श्यावर येते. या एका आकड्यामुळे पुढची सगळी चर्चा ‘नवा बोगदा आधी, जुन्याची दुरुस्ती नंतर’ या क्रमावर येऊन थांबली.

समोरचे पर्याय

काहीच न करणे हा पर्याय कुणी उघडपणे मांडला नाही, पण प्रत्यक्षात वर्षानुवर्षे तोच चालला. बिघाड झाला की ठिगळ लावायचे.

दुसरा पर्याय, गाड्या चालू ठेवून रात्री आणि शनिवार-रविवारी दुरुस्ती करायची. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी जानेवारी 2019 मध्ये भुयारी रेल्वेच्या एल मार्गाची ठरलेली पंधरा महिन्यांची बंदी ऐनवेळी रद्द केली होती. तिथे केबली ओट्यांतून काढून भिंतीवर टांगायची युक्ती काढली गेली. तेच हडसनखाली का नको, असा प्रश्न आला आणि अ‍ॅमट्रॅकने सल्लागार नेमून त्याचा अभ्यासही केला. काही कामे अशी होऊ शकतात हे मान्य झाले. पण अशाने जुन्या नळ्यांचे आयुष्य थोडे वाढते, नवी क्षमता तयार होत नाही.

तिसरा पर्याय, अ‍ॅमट्रॅकने फेब्रुवारी 2011 मध्ये, म्हणजे एआरसी बुडाल्यावर चार महिन्यांत मांडलेला ‘गेटवे’. नदीखाली दोन नव्या नळ्या, त्या थेट पेन स्टेशनला जोडायच्या आणि त्या सुरू झाल्या की जुन्या एकेक करून बंद करून मुळापासून दुरुस्त करायच्या. आराखडा एआरसीपेक्षा शहाणा होता. पैसा कुठून येणार, हे मात्र त्यात नव्हते.

2013: इमारतीखाली राखलेली वाट

या प्रकरणातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला निर्णय फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. मॅनहॅटनच्या पश्चिम टोकाला रेल्वे यार्डावर छत घालून हडसन यार्ड्सचे टॉवर उभे राहणार होते. नव्या बोगद्याची वाट नेमकी त्यांच्या पायाखालून जात होती. एकदा खांब रोवले गेले असते तर मार्ग कायमचा बुजला असता.

बोगदा होणार की नाही हेच माहीत नसताना, सँडीनंतरच्या मदत निधीतून 185 दशलक्ष डॉलर देऊन 2013 मध्ये तिथे सुमारे 800 फूट लांबीची काँक्रीटची रिकामी पेटी बांधायला घेतली. वर टॉवर चढत गेले आणि खाली वाट राखली गेली. दहा वर्षांनी, जानेवारी 2023 मध्ये, याच पेटीच्या पुढच्या भागासाठी 292 दशलक्षांचे अनुदान मिळाले. 2013 ची पेटी नसती तर पुढची भांडणे करायला कारणच उरले नसते.

2015 ते 2018: न झालेला करार

सप्टेंबर 2015 मध्ये ख्रिस्टी आणि कुओमो या दोन गव्हर्नरांनी अध्यक्ष ओबामा यांना पत्र लिहिले. केंद्राने निम्मा खर्च अनुदान म्हणून द्यावा, उरलेला निम्मा आम्ही उभा करतो. एक रिपब्लिकन, दुसरा डेमोक्रॅट. नोव्हेंबरमध्ये प्रकल्पासाठी स्वतंत्र संस्था काढण्याची घोषणा झाली, केंद्रीय परिवहन खाते तिच्यात सहभागी झाले आणि ‘पन्नास-पन्नास’ हे सूत्र सगळीकडे गृहीत धरले जाऊ लागले. बैठका झाल्या, फोटो निघाले. रक्कम, मुदत आणि अटी लिहिलेला बंधनकारक करार मात्र झाला नाही.

2017 च्या सुरुवातीला सरकार बदलले. जुलैत परिवहन खाते त्या संस्थेतून बाहेर पडले. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्ये आणि पोर्ट अथॉरिटी यांनी आपल्या वाट्याचे 5.55 अब्ज डॉलर कसे देणार याची योजना पाठवली. 29 डिसेंबरला केंद्राचे उत्तर आले, असा कोणताही करार अस्तित्वात नाही. शिवाय तुम्ही आपला वाटा केंद्राकडूनच कर्ज घेऊन देणार, म्हणजे सगळा पैसा केंद्राचाच झाला.

या पत्रावर न्यूयॉर्क-न्यू जर्सीत संतापाची लाट उसळली. विश्वासघात, राजकीय सूड, असे सगळे शब्द वापरून झाले. पण पत्रातले पहिले विधान कागदोपत्री चूक ठरवणे कठीण होते. सहीचा कागद नव्हताच. दुसरे विधान मात्र मला ओढूनताणून केलेले वाटते. कर्ज सव्याज फेडायचे असते आणि ते राज्यांनीच फेडायचे होते.

मार्च 2018 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी प्रतिनिधिगृहाचे सभापती पॉल रायन यांना खर्चाच्या विधेयकातून गेटवे वगळायला सांगितले. परिवहन मंत्री इलेन चाओ यांनी काँग्रेससमोर ते मान्य केले. न्यूयॉर्कचे सिनेटर चक शूमर या प्रकल्पाचे सर्वांत मोठे पाठीराखे, त्यामुळे बोगदा आणि शूमर हे समीकरण पक्के झाले. मंजूर विधेयकात गेटवेचे नाव आले नाही, तरी 541 दशलक्ष डॉलरपर्यंतची रक्कम इतर शीर्षकांखाली मिळण्यासारखी ठेवली गेली. पुढारी मंचावर भांडत होते आणि समित्यांचे सचिव शीर्षके जुळवत होते.

याहून मोठा घाव शांतपणे बसला. पर्यावरण परिणामांचा अंतिम अहवाल मार्च 2018 मध्ये मंजूर व्हायचा होता. तो मे 2021 मध्ये झाला. त्या मंजुरीशिवाय मोठे अनुदान मिळत नाही. नकार द्यायला कारण लागते, फाइल पडून राहायला काहीच लागत नाही.

तुकडे पाडण्याचा निर्णय

बोगदा अडकला, तेव्हा प्रकल्पाच्या लोकांनी त्यातला एक भाग बाजूला काढला. बोगद्याच्या पश्चिमेला हॅकेनसॅक नदीवर पोर्टल ब्रिज नावाचा 1910 चाच फिरता पूल आहे. बोटी जाव्यात म्हणून तो आडवा फिरतो आणि कधी कधी परत जागेवर बसत नाही. मग कामगार मोठे घण घेऊन रूळ ठोकून बसवतात, आणि तोवर पूर्व किनाऱ्यावरची मुख्य रेल्वे उभी.

या पुलाचा अर्ज बोगद्यापासून वेगळा चालवला गेला. ज्या सरकारने बोगदा रोखून धरला त्याच सरकारने, जानेवारी 2021 मध्ये, जाता जाता पुलासाठी 766.5 दशलक्षांच्या करारावर सही केली. 2022 मध्ये काम सुरू झाले. नाव लहान, रक्कम लहान आणि वर्तमानपत्रात मथळा होण्याची शक्यता कमी. अशी फाइल पुढे सरकते.

दुसरा निर्णय संस्थेचा. 2019 मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी एकसारखे कायदे करून गेटवे डेव्हलपमेंट कमिशन स्थापन केले. न्यूयॉर्कचे तीन, न्यू जर्सीचे तीन आणि अ‍ॅमट्रॅकचा एक सदस्य. आपल्याकडे लोकलच्या प्रकल्पांसाठी 1999 मध्ये रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र सरकार यांच्या 51:49 भागीदारीत मुंबई रेल्वे विकास महामंडळ निघाले, त्याच जातीचा हा विचार. पैसे घ्यायला, कर्ज फेडायला आणि वेळ पडली तर कोर्टात जायला एक कायदेशीर देह लागतो. 2015 च्या संस्थेला कायद्याचे हे पाठबळ नव्हते.

2024 ची सही आणि त्यानंतर

मे 2021 मध्ये पर्यावरण मंजुरी, नोव्हेंबरमध्ये पायाभूत सुविधांचा कायदा. जुलै 2022 मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर मर्फी आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नर होकुल यांनी स्थानिक वाटा निम्मा-निम्मा उचलण्याचा लेखी समझोता केला. एआरसीत जे नव्हते ते इथे आले. पुढच्याच महिन्यात खर्चाचा अंदाज 14.1 वरून 16.1 अब्जांवर गेला आणि नवा बोगदा 2035 मध्ये, जुन्याची दुरुस्ती 2038 मध्ये, असे नवे वेळापत्रक आले.

जुलै 2024 मध्ये केंद्राशी 6.88 अब्ज डॉलरच्या अनुदानाचा संपूर्ण निधी करार झाला. रेल्वेच्या इतर अनुदानांसह केंद्राचा वाटा 70 टक्क्यांच्या वर गेला. स्थानिक वाट्यासाठी 4 अब्जांची केंद्रीय कर्जेही मंजूर झाली. 2017 मध्ये ज्याला ‘हा तर आमचाच पैसा’ म्हटले गेले तीच व्यवस्था आता करारात आली.

1 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्र सरकारचा कारभार अर्थसंकल्पाअभावी बंद पडला. त्याच दिवशी हा बोगदा आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यू ही न्यूयॉर्क शहरातली भुयारी रेल्वे मिळून सुमारे 18 अब्ज डॉलर रोखल्याची घोषणा झाली. कंत्राटे देताना वंश आणि लिंग यांवर आधारित नियम पाळले गेले का, याची तपासणी करायची आहे, हे कारण. महिन्याच्या मध्याला, पुन्हा अध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांनी प्रकल्प संपवल्याचे जाहीरपणे सांगितले, तेही शूमर यांचे नाव घेऊन. कारभार नोव्हेंबरात सुरू झाला, पण बिलांचे पैसे आले नाहीत. फेब्रुवारी 2026 च्या सुरुवातीला आयोगाकडचा (म्हणजे गेटवे कमिशनकडचा) पैसा संपला, काम थांबले आणि सुमारे हजार कामगार घरी बसले. पेन स्टेशन आणि वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाला अध्यक्षांचे नाव द्या, पैसे सोडतो, असा प्रस्ताव आल्याचेही वृत्त त्याच आठवड्यात फिरले.

या वेळी मात्र हातात कागद होता. आयोगाने करारभंगाचा दावा लावला, दोन्ही राज्ये मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयात गेली. काम थांबले त्याच दिवशी निधी सोडण्याचा तात्पुरता आदेश मिळाला. थकलेले 205 दशलक्ष हप्त्याहप्त्याने आले आणि महिनाअखेरीस कामगार परतू लागले.

काय वेगळे करता आले असते

2009 मध्ये भूमिपूजनाची घाई केली नसती तर बरे झाले असते. अंतिम करार नसताना आणि वाढीव खर्चाची वाटणी ठरलेली नसताना कुदळ मारली, की प्रकल्प पुढच्या गव्हर्नरच्या मर्जीवर राहतो. ख्रिस्टींनाही रद्द करण्याखेरीज मार्ग होता. वाढीव खर्चात न्यूयॉर्कला भागीदार करा, नाहीतर थांबतो, असा दबाव ते आणू शकत होते. प्रकल्प जिवंत होता तोवर त्या दबावाला किंमत होती.

2015 चे सूत्र ओबामांच्या शेवटच्या सव्वा वर्षात लेखी करून घ्यायला हवे होते. संपूर्ण निधी करार तेव्हा शक्य नव्हता, पर्यावरण अहवालच तयार नव्हता. पण परिवहन खात्याचे निदान सही-शिक्क्याचे पत्र तरी फाइलला लागले असते. राज्यांनीही स्वतःचा थोडा रोख पैसा टेबलावर ठेवला असता तर कर्जावरून झालेली टीका बोथट झाली असती.

जुन्या नळ्यांतली रात्रीची दुरुस्ती नव्या बोगद्याच्या आशेवर रेंगाळत ठेवणे हे मला सर्वांत महागडे वाटते, कारण त्याची झळ रोज फलाटावर बसते. आणि केंद्राचा वाटा 70 टक्क्यांवर नेणे हा विजय मानला गेला, तरी त्याची दुसरी बाजू ऑक्टोबर 2025 मध्ये दिसली. चार महिने बिले थकली की काम बंद, अशी स्थिती येऊ नये इतकी शिल्लक अशा आयोगाकडे पहिल्या दिवसापासून हवी. जाता जाता, मॅनहॅटनमध्ये शिरणाऱ्या मोटारींवर लावलेल्या गर्दीशुल्काविरुद्ध न्यू जर्सी स्वतः कोर्टात गेले होते. रेल्वेला स्थानिक उत्पन्नाचा झरा हवा, पण तो आपल्या मोटारचालकांच्या खिशातून नको, हा हट्ट 2010 मध्येही होता.

न्यायालयाचा आदेश केंद्राने कबूल केलेल्या रकमेपुरता आहे. ती रक्कम ठरलेली आहे, वाढणारी नाही. नदीच्या तळाखालचे खोदकाम, म्हणजे खर्चाच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाचा टप्पा, अजून व्हायचे आहे. तिथे 16 अब्जांवर जो खर्च जाईल तो 2022 च्या समझोत्याच्या आधारे दोन राज्यांनाच आपसात वाटून घ्यावा लागेल.